चूक कुणाच्या नावावर

साशंक : फॉर्म तपासणाऱ्या तुझ्या सॉफ्टवेअर लायब्ररीशी माझं भांडण एका शब्दावरून आहे. 'अवैध'. कन्नडहून, सोयगावहून बाया फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. एसटीचं भाडं गेलेलं असतं, दिवसाचा रोज बुडालेला असतो. मी नाव टाकतो, गाव टाकतो, आधारचे बारा आकडे टाकतो, सबमिट दाबतो आणि खाली लाल अक्षरांत उमटतं, 'माहिती अवैध आहे'. कोणती माहिती? काय केलं की वैध होईल? बाई माझ्या तोंडाकडे बघते, मी स्क्रीनकडे. चूक आपलीच असणार, हे ती दर वेळी धरूनच चालते. हे टेबल लावायच्या आधी मी अकरा वर्षं वाळूजच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. तिथे गो-नो गो गेज असायचा. जॉब गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. काम झटपट व्हायचं. पण मशीनवरच्या पोराला टूल किती सरकवायचं ते गेज सांगत नाही. त्यासाठी मायक्रोमीटर लागतो. किती जास्त, किती कमी, ते तो सांगतो. तुम्ही लोकांनी सगळ्या फॉर्मांना गेज लावून ठेवले आहेत.

उत्साही : तक्रार खरी आहे काका, पण ती लायब्ररीकडे आणू नका. लायब्ररीला सगळं माहीत असतं, स्क्रीन बनवणाऱ्यानं ते फेकून दिलेलं असतं. पायथॉनमधली पायडॅन्टिक घ्या. २०१७ पासूनची लायब्ररी आहे, २०२३ मध्ये तिची दुसरी मोठी आवृत्ती आली. समजा, शहराच्या रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा आहे. 'औरंगाबाद' इंग्रजी लिपीत दहा अक्षरांत बसायचं. 'छत्रपती संभाजीनगर'ला मधली मोकळी जागा धरून पंचवीस लागतात. तुम्ही ते टाकलंत की लायब्ररी नुसतं 'नाही' म्हणत नाही. ती एक नोंद बनवते. त्यात चूक कुठे झाली ते असतं, म्हणजे अर्जदार, त्यात पत्ता, त्यात शहर. चुकीचा प्रकार असतो, 'स्ट्रिंग टू लाँग'. मर्यादा वीस होती हे असतं, प्रत्यक्षात आत काय आलं ते असतं, आणि शेवटी माणसानं वाचायचं एक वाक्य असतं. हा तुमचा मायक्रोमीटरच झाला. आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. रुबी ऑन रेल्समध्ये कितीतरी वर्षं चुका म्हणजे रकान्यागणिक वाक्यांची यादी होती. डिसेंबर २०२० मध्ये ६.१ आवृत्ती आली आणि प्रत्येक चूक ही स्वतःची माहिती बाळगणारी स्वतंत्र वस्तू झाली. चूक म्हणजे नुसतं वाक्य नाही, चूक हाही डेटा आहे, हे समजायला आमच्या धंद्याला एवढा काळ लागला. तुमच्या स्क्रीनवर जे 'अवैध' दिसतं, ते या पाच गोष्टींचा लगदा करून उरलेलं असतं.

साशंक : वीस अक्षरं म्हणतेस, तर आधी अक्षर म्हणजे काय ते सांग. शहराचं नाव मराठीत लिहू. छ, त्र, प, ती. सं, भा, जी, न, ग, र. माझ्या हिशेबानं दहा अक्षरं झाली. पहिलीतलं पोरही दहाच मोजेल.

उत्साही : युनिकोडच्या हिशेबानं मोकळ्या जागेसकट सतरा होतात. 'त्र' म्हणजे त, हलन्त आणि र असे तीन. 'ती'चे दोन, 'सं'चे दोन. आणि साठवताना यूटीएफ-८ मध्ये एकूण एकोणपन्नास बाइट लागतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट जातात.

साशंक : म्हणजे मर्यादा वीसची असेल तर एका मोजणीनं माझं नाव निम्म्यातच बसतं, दुसरीनं काठावर बसतं आणि तिसरीनं अडीच पट मोठं होतं. तुझ्या नोंदीत 'वीस' आहे, पण वीस काय, ते नाही. मिलिमीटर की इंच हे न लिहिता मी टॅगवर नुसता आकडा टाकला असता, तर सुपरवायझरनं टॅग माझ्या तोंडावर फेकला असता. आता याहून वाईट गोष्ट सांगतो. एका पोर्टलवर एकाच दिवशी दोघी आल्या, कमल आणि कमला. कमलचा फॉर्म गेला. कमलाचा अडला. 'नावात फक्त अक्षरे चालतील.' मी तिचं नाव चार वेळा पुसून टाइप केलं. तीनच अक्षरं, तिन्ही स्वच्छ. शेवटी काना काढला, तेव्हा फॉर्म पुढे सरकला. आणि ती बाई कागदोपत्री कमल होऊन गेली. ते मी करायला नको होतं.

उत्साही : तुमचा काय दोष काका. आत काय झालं असेल ते मला दिसतंय. युनिकोडमध्ये 'ल' हे अक्षर आहे, पण काना अक्षर नाही, त्याचा वर्ग 'चिन्ह' असा आहे. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे त्याच वर्गात. पायथॉनला 'कमल' द्या आणि विचारा, यात सगळी अक्षरंच आहेत का? हो म्हणतो. 'कमला' द्या, नाही म्हणतो. ज्यानं तो नियम लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर ए ते झेड होतं. मदन, गगन, रमण हे त्याच्या गाळणीतून सुटतात. मीरा, गोविंद, कृष्णा अडकतात.

साशंक : मग आता तुझा मायक्रोमीटर लाव. तो काय नोंदवेल? जागा, नाव. प्रकार, फक्त अक्षरे. आलेली किंमत, कमला. पाचही गोष्टी भरलेल्या, नेमक्या, आणि तरी सगळी नोंद खोटी. जॉब बरोबर होता, गेज झिजलेला होता. आमच्या रिजेक्शन टॅगवर जॉबचा नंबर आणि माप असायचंच, पण त्याच्या शेजारी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर असायचा आणि गेजचा नंबरही असायचा. त्या नंबरावरून गेज शेवटचा कधी कॅलिब्रेट झाला ते रजिस्टरमध्ये सापडायचं. कारण लॉट परत आला की पहिला वाद हाच व्हायचा, जॉब चुकला की गेज? कितीदा तरी गेज चुकलेला निघायचा, ड्रॉइंग जुनं निघायचं. तुझ्या नोंदीत जॉबसाठी पाच कप्पे आहेत. गेजसाठी एकही नाही.

उत्साही : हे अगदीच खरं नाही. जेसन स्कीमाच्या २०१९ च्या मसुद्यात चुकीची नोंद कशी द्यावी ते ठरवून दिलंय. त्यात दोन पत्ते आहेत. एक डेटातला, चूक कुठल्या रकान्यात सापडली तो. दुसरा नियमातला, कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमामुळे ती चूक ठरली तो. हा तुमचा गेज नंबरच. पण मला उलट बाजूही मांडू द्या. प्रत्येक नियमाकडे असं संशयानं बघायला लागलो तर तपासणीला अर्थ राहणार नाही. आधारचा शेवटचा आकडा घ्या. तो तपासणीचा आकडा आहे, व्हर्होफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीनं काढलेला. बारांतला एक आकडा चुकला, कुठलाही, तर ती रीत पकडतेच. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडते. तिथे गेज झिजत नाही. तिथे 'चुकलंय' म्हणजे चुकलंयच, आणि ते त्याच क्षणी कळलं म्हणून त्या बाईचे पैसे भलतीकडे जाण्यापासून वाचतात. फक्त बारांपैकी कोणता आकडा चुकला, ते या रीतीला सांगता येत नाही. ती रकान्यावर बोट ठेवते, आकड्यावर नाही.

साशंक : ते मी सांभाळतो. कार्ड परत हातात घेतो आणि चार-चारच्या गटात मोठ्यानं वाचतो. सात आणि एक, तीन आणि आठ, तिथे बोट घसरतं. हे मला अनुभवानं कळतं. पण 'आलेली किंमत' तू नोंदीत ठेवतेस म्हणालीस. म्हणजे तो चुकलेला आधार नंबरही नोंदीत गेला?

उत्साही : हो, आणि ही माझी खरी चिंता आहे. नोंद लॉगमध्ये जाते, लॉग दहा जण बघतात. अकरा आकडे बरोबर आणि एक चुकलेला, म्हणजे नंबर जवळजवळ उघडाच पडला. पायडॅन्टिकमध्ये किंमत वगळून नोंद घेता येते, पण ते आठवणीनं मागावं लागतं. किंमत ठेवली तर दुरुस्ती सोपी होते आणि माणूस उघडा पडतो. नाही ठेवली तर माणूस झाकलेला राहतो, पण कमलाच्या वेळी नेमकं काय झालं होतं ते कुणाला कधी कळणार नाही. याचं एक सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. आधार वगळायचा आणि नाव ठेवायचं, असं प्रत्येक रकान्याला वेगळं ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला बसतो कोण?

साशंक : निदान वाक्य तरी नीट लिहा. लाल अक्षरांत जे दिसतं ते मराठी वाटत नाही. 'पत्ता रिकामी असू शकत नाही.' 'जन्मतारीख मध्ये त्रुटी.' वाचताना लाज वाटते.

उत्साही : म्हणूनच मी म्हणते, लायब्ररीनं बोलूच नये. ही वाक्यं बनतात कशी बघा. रेल्ससारख्या साच्यात रकान्याचं नाव आधी आणि वाक्याचा उरलेला तुकडा मागे जोडतात. इंग्रजीत ते खपतं. मराठीत पत्ता रिकामा असतो, तारीख रिकामी असते, नाव रिकामं असतं. एकच तुकडा तिघांना लावला की दोघांचं लिंग चुकतं. पुढे प्रत्यय लागला की मूळ शब्दच बदलतो. पत्ता, पण पत्त्यात. तारीख, पण तारखेत. नाव, पण नावात. साच्याला सामान्यरूप कळत नाही, म्हणून तो 'जन्मतारीख मध्ये' असं ओबडधोबड सांधतो. लायब्ररीनं फक्त एवढं सांगावं, ही जागा, हा प्रकार, ही मर्यादा. वाक्य मराठी माणसानं लिहावं, प्रत्येक रकान्याचं वेगळं, अख्खं. 'जन्मतारीख टाकायची राहिली आहे', असं.

साशंक : ऐकायला छान आहे. पण ते लिहिणारा माणूस नेमलेला असतो का? लायब्ररी म्हणणार, मी बोलत नाही. फॉर्म बनवणारा म्हणणार, वाक्यं माझ्या कामात नव्हती. मग स्क्रीनवर एकतर 'स्ट्रिंग टू लाँग' येतं, नाहीतर 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा'. ते ओबडधोबड वाक्य निदान पत्त्याकडे बोट तरी दाखवत होतं. तू शुद्धतेसाठी ते काढून घेतेस आणि त्या जागी काहीच येत नाही. मी तर म्हणतो, वाकडं का होईना, वाक्य असू दे. आणि आणखी एक, सगळ्या चुका एकदम दाखवा. आज सांगतात उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख चुकली. बाई परत जाते, तहसीलमधून नवा दाखला आणते, आठ दिवसांनी येते. मग सांगतात, पासबुकावरचं नाव जुळत नाही. हे आठ दिवसांपूर्वी ठाऊक नव्हतं का?

उत्साही : ठाऊक होतं, विचारलंच नव्हतं. पहिल्या चुकीशी थांबणारी तपासणी लिहायला सोपी जाते. सगळ्या चुका गोळा करणारी रचना वेगळी लागते, आणि हॅस्केलसारख्या भाषांतल्या लोकांनी या दोन रचना सांगोपांग वेगळ्या करून दाखवल्या आहेत. आजच्या बहुतेक चांगल्या लायब्रऱ्या गोळा करतात. पण गोळा करण्यातही एक अडचण आहे. जिल्हा चुकला की तालुका यादीत सापडत नाही, तालुका नाही म्हणून गाव नाही, गाव नाही म्हणून गट नंबर नाही. चूक एक, लाल ओळी चार. किंवा ओळखीसाठी 'आधार नाहीतर मतदार ओळखपत्र' असा नियम असतो. तुम्ही आधारचा एक आकडा चुकवला की लायब्ररी दोन्ही वाटांच्या चुका सांगते, आधार चुकला आणि मतदार ओळखपत्र दिलेलं नाही. बाई बिचारी मतदार ओळखपत्र शोधायला घरी जाईल. आणि पासबुकाचं म्हणाल तर तिथे जागेचाच प्रश्न आहे. आधारवर लग्नानंतरचं नाव, पासबुकावर माहेरचं. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे. चूक आहे ती दोघांच्या मध्ये. आमच्या नोंदीत जागा एकच मावते, म्हणून ती अशी चूक अख्ख्या फॉर्मच्या नावावर टाकते, किंवा शेवटी तपासलेल्या रकान्याच्या.

साशंक : म्हणजे शेवटी ज्याच्या दारात सापडली त्याच्या नावावर.

उत्साही : हो.

साशंक : आता आपल्या शहराचंच घेऊ, कारण माझे निम्मे दिवस त्यातच जातात. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी आली आणि शहराचं नाव बदललं. जिल्हा-तालुक्याची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. रेल्वे स्टेशनचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललं, तेव्हा त्याचा कोडही एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. विमानतळाचा आयएक्सयू होता तोच आहे. प्रत्येक खात्याचं कॅलेंडर वेगळं. माझ्यासमोर २०१९ चा जातीचा दाखला येतो, त्यावर जिल्हा औरंगाबाद. यादीत फक्त छत्रपती संभाजीनगर. दुसऱ्या एखाद्या फॉर्मवर नेमकं उलट. दाखला खोटा नाही, माणूस खोटा नाही, यादीही आजच्या दिवसापुरती खोटी नाही. तरी चूक उमटते आणि ती माणसाच्या नावावर लागते. विद्यापीठाचंही तसंच. १९५८ चं मराठवाडा विद्यापीठ, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. १९९० ची पदवी घेऊन कुणी आलं तर त्याच्या प्रमाणपत्रावर जुनंच नाव असणार. ते त्यानं कुठून बदलून आणायचं?

उत्साही : हा तर सुटणारा प्रश्न आहे. चूक दाखवायचीच कशाला? अलेक्सिस किंग यांचा २०१९ चा एक लेख आमच्यात खूप वाचला गेला. त्यातलं म्हणणं असं, की दारात नुसतं तपासून सोडू नका, आलेल्या गोष्टीला दारातच योग्य रूप देऊन आत घ्या. जुन्या-नव्या नावांचा तक्ता ठेवायचा. औरंगाबाद आलं की आत छत्रपती संभाजीनगर. माणसाला लाल ओळ दिसणारच नाही. सगळ्यांत चांगली चूक कोणती, तर जी आपण माणसापर्यंत पोचूच दिली नाही ती.

साशंक : परवा एक गृहस्थ आले. जन्म १९७८, जालना शहर. जन्मदाखल्यावर जिल्हा औरंगाबाद.

उत्साही : हं.

साशंक : जालना जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. त्यांच्या जन्माच्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. दाखला शंभर टक्के खरा आहे. तुझा तक्ता काय करेल? औरंगाबाद दिसलं, छत्रपती संभाजीनगर करेल. लाल ओळ नाही, फॉर्म पुढे. आणि जालन्याचा माणूस कायमचा संभाजीनगर जिल्ह्यात जन्मलेला ठरेल. दहा वर्षांनी कुणी ताडून बघेल तेव्हा त्यालाच विचारतील, तुम्ही खोटं का लिहिलंत? 'अवैध' शब्दावर मी चिडतो खरा, पण तो निदान थांबवतो तरी. तुझा तक्ता न विचारता बदलतो. कमलाचा काना मी हातानं काढला होता, तो माझ्या मनाला अजून लागून आहे. तक्त्याला काय लागणार?

उत्साही : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नावाला नाव जोडून भागत नाही. 'औरंगाबाद जिल्हा' म्हणजे कोणता, हे दाखला कोणत्या दिवसाचा आहे त्यावर ठरतं. १९७८ चा वेगळा, १९९० चा वेगळा. म्हणजे नियमाला तारीख हवी. हा नियम कधीपासून लागू, कधीपर्यंत, कोणत्या अधिसूचनेवरून. आणि चुकीच्या नोंदीत हे सगळं यायला हवं. तुम्ही मघाशी म्हणालात ते ड्रॉइंगचं रिव्हिजन. मग नोंद अशी बोलेल : 'तुमच्या दाखल्यावरचा जिल्हा आणि आमची २०२३ ची यादी जुळत नाही.' 'तुमचा जिल्हा चुकला' असं ती म्हणणार नाही. चूक रकान्याची न राहता दोघांमधली होते. जागा एक न ठेवता दोन ठेवायच्या, किमतीची आणि नियमाची. इथवर मी यायला तयार आहे.

साशंक : आणि तिसरी? नियम कुणाचा?

उत्साही : तिथे अडते मी. लायब्ररीला मालक माहीत नसतो. मी तो रकाना ऐच्छिक ठेवला तर सगळे रिकामा सोडतील. सक्तीचा केला तर सगळे 'ॲडमिन' लिहून मोकळे होतील. आणि खरा मालक लिहिला, तरी चूक त्याच्यापर्यंत पोचवायचं काम लायब्ररीचं नाही. ती नोंद बनवून हातात देते, पुढे नोंद कुठे जाते ते तिला दिसत नाही.

साशंक : वाळूजला गेजचं खातं वेगळं होतं. गेजबद्दल तक्रार आली की ती त्या खात्यात जायची, मशीनवरच्या पोराकडे नाही. डेव्हिएशनचा कागद असायचा. जॉब मापात नाही, पण चालेल, असं इंजिनिअर सही करून सांगायचा आणि लॉट पुढे जायचा. ती सही त्याच्या नावावर राहायची. माझ्या टेबलावर अशी सही करणारा कोणी नाही. मी एकटा आहे आणि लाल ओळ आहे.

उत्साही : तशी वाट मी लायब्ररीत ठेवू शकते. चूक आहे, पण अमुक माणसानं अमुक कारणानं पुढे जाऊ दिली, अशी. चूक पुसायची नाही, तिच्यासकट पुढे न्यायची. पण ती वाट उघडली की तिचा गैरवापर पहिल्याच आठवड्यात सुरू होईल, हेही मला दिसतं. ज्याची ओळख आहे त्याचा फॉर्म सहीनं जाईल, कन्नडच्या बाईचा लाल ओळीवर थांबेल.

साशंक : ते आजही होतंच. फक्त नोंद राहत नाही. पण मला आजचं सांग. जालन्याचे ते गृहस्थ दुपारी परत येणार आहेत. यादीत 'औरंगाबाद' नाही. जिल्हा काय निवडू?

उत्साही : दाखल्यावर आहे तेच टाकायचा प्रयत्न करा आणि फॉर्म अडू द्या. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळेसकट. मला तो अडलेलाच हवा आहे. चुकीचा जिल्हा घेऊन पुढे गेलेला फॉर्म पुढे कुणालाच सापडणार नाही.

साशंक : तुला अडलेला हवा आहे. त्यांना पुढे गेलेला हवा आहे. शुक्रवारी मुदत संपते.